अकरा मिनिटांचे कैलासवासी

अण्णांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. शोधपत्रकार म्हणून नाव कमावलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. पण बंगळूरच्या शिवाजीनगर बस स्टँडसमोर आमचं ऑफिस आहे, त्याच्या खाली उभ्या उभ्या इडली आणि काफी मिळणारी दर्शिनी आहे. तिथल्या काउंटरवरच्या भटांना विचारून पाहा. आमच्या पेपरात पुढच्या आठवड्यात काय छापून येणार, हे त्यांना संपादकांच्या आधी ठाऊक असायचं.

आमचं कन्नड सायंदैनिक. खप बेताचा, वेबसाइट त्याहून बेताची. मी खानापूरकडची, घरात मराठी, शाळा कन्नड, म्हणून कॉपी तपासायला डेस्कवर बसवलेली. अण्णा निपाणीचे. गुन्हेगारी टोळ्यांवर लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. मला ते 'तंगी' म्हणत, म्हणजे कन्नडातली धाकटी बहीण, आणि माझं वय पाहता मी त्यांची मुलगी शोभले असते. आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं काहीतरी गुप्त शिजतंय. अण्णांना ते सहन होत नसे. दर दोन वाक्यांनी मान वळवून ते अख्ख्या हॉलला कन्नडात भाषांतर करून सांगत. एकदा मी त्यांना हळूच सांगितलं की मला दुसऱ्या पेपरातून बोलावणं आलंय. त्याचंही भाषांतर झालं.

"अण्णा, काही गोष्टी फक्त तुम्हाला म्हणून सांगते मी," मी वैतागून म्हटलं.

"मला म्हणून कशाला सांगतीस?" ते म्हणाले. "माझ्याकडं ठेवायला जागा हाय कुठं?"

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, ते त्यांच्या तोंडून आनेकलच्या वार्ताहराची गोष्ट ऐकेपर्यंत. हा माणूस मी नोकरीला लागण्याच्या आधीचा. आनेकल, बोम्मसंद्रा या दक्षिणेकडच्या भागात पाण्याच्या टँकरांची एक टोळी आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी येणार असं जाहीर झालं की आदल्या दिवशी नेमकी पाइप फुटते. मग टँकर येतात, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा टँकर आला तर त्याच्या काचा फुटतात, ड्रायव्हरचा हात मोडतो. आमच्या वार्ताहराने यावर लिहायला घेतलं होतं. फार सावध माणूस, अण्णा सांगायचे. संपादकांना पत्ता नाही, बायकोला पत्ता नाही. एका सकाळी एका टँकरने त्याला स्कूटरसकट चिरडलं. अपघात म्हणून नोंद झाली. तो काय लिहिणार होता हे त्याच्याबरोबरच गेलं, त्यामुळे कुणाला विचारायचं हेही कुणाला कळलं नाही.

"त्याचे दिवस करून आलो," अण्णा म्हणाले, "आणि तंगी, तवापासनं आवाज खाली केला न्हाई. गुपित एकट्याजवळ असलं की एकाला मारून काम होतंय. सगळ्या मार्केटाला ठाऊक असलं तर मारणार किती जणांना?"

तेव्हापासून अण्णांनी टँकरवाल्यांचा पिच्छा पुरवला तो उघड उघड. सकाळी दर्शिनीत काफीचा पेला हातात घेऊन ते कालपर्यंत काय काय हाती लागलं ते सांगत. मग भट सांगत ऑटोवाल्यांना, ऑटोवाले फुलवाल्या अक्कांना. टोळीचा म्होरक्या कोण, तेही सगळ्यांना ठाऊक. त्याला त्याची माणसं 'यजमान' म्हणत, म्हणून आम्हीही यजमानच म्हणत असू. फक्त एक गोष्ट अण्णांनी कधी कुणाला सांगितली नाही: ही सगळी माहिती त्यांना देतं कोण. कुठली पाइप कधी फुटणार हे त्यांना फुटायच्या आधी कळायचं. कसं, असं विचारलं की ते म्हणत, "मोजतो की."

आणि मोजत असत हे खरं. आठवड्यातून तीन दिवस ते घडीची खुर्ची, काळी छत्री आणि जाड वही घेऊन बोम्मसंद्राला होसूर रोडच्या कडेला जाऊन बसत. टँकर गेला की मान वर, मान खाली, वहीत नोंद. लपणं वगैरे नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत, अण्णा हात करत. एक ड्रायव्हर तर ऊन फार आहे म्हणून त्यांना ताक देऊन गेला. अण्णा ताक प्यायले आणि पुढच्या बातमीत त्यांनी त्याचे आभार मानले. त्या बिचाऱ्याला यजमानांनी दोन महिने घरी बसवलं, याचं मात्र अण्णांना फार वाईट वाटलं.

धमक्या यायच्याच. एकदा त्यांच्या स्कूटरच्या आरशाला कुणीतरी मयताला घालतात तसला हार अडकवून गेलं. दुसरा कुणी असता तर त्याची पाचावर धारण बसली असती. अण्णा तो हार गळ्यात घालून ऑफिसात आले. मग खाली जाऊन त्यांनी फुलवाल्या अक्कांना तो दाखवला. अक्कांनी उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, ही गाठ आमच्या बाजारातली नाही, आनेकलला बस स्टँडजवळ असे बांधतात. दुसऱ्या दिवशी पेपरात हाराचा फोटो, गाठीचा मोठा करून वेगळा फोटो, आणि अक्कांचं मत. त्यानंतर हार आले नाहीत.

पण अण्णांची खरी करामत म्हणजे त्यांचा मृत्युलेख. तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता, आणि दर तीन महिन्यांनी ते तो सुधारत. त्यात त्यांनी स्वतःला 'मितभाषी' म्हटलं होतं. मी ते वाचून एवढी हसले की मला ठसका लागला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की सदर पत्रकाराची हत्या झाली असल्यास पोलिसांनी सर्वप्रथम यजमानांना विचारावे, आणि पुढे कुणाकुणाला विचारावे ती यादी. या मसुद्याची एक प्रत ते यजमानांना रजिस्टर पोस्टाने पाठवत. सोबत पत्र: आपल्याविषयीच्या मजकुरात काही चूक असल्यास कृपया कळवावे.

एकदा खरंच कळवलं. यजमानांचा एक माणूस ऑफिसात येऊन नम्रपणे उभा राहिला. मजकुरात वाळूचा धंदा लिहिलाय, तो यजमानांनी कधीच सोडला, आता फक्त पाणी. अण्णांनी त्याला बसवून काफी पाजली आणि त्याच्यासमोर दुरुस्ती केली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

आमच्याकडे कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता. मोठी माणसं म्हातारी झाली की त्यांचे मृत्युलेख आधीच तयार करून ठेवतात, तसले आमचे तीसेक लेख त्यात नंबर घालून ठेवले होते. मंत्री, नट, गायिका, एक मठाधिपती. अण्णांनी कुणाला न विचारता आपलाही लेख त्या थोरांच्या रांगेत नेऊन बसवला होता, सतरा नंबरचे ज्येष्ठ नट आणि एकोणीस नंबरचे माजी मंत्री यांच्या मधोमध. एका दुपारी ते नट वारले. संपादक जेवायला गेलेले, दुसऱ्या वेबसाइटवर बातमी झळकलेली, फोनवर फोन. मी घाईत सतराऐवजी अठरा उघडला, वर तारीख घातली, आणि न वाचता वेबसाइटवर चढवला. मग निवांतपणे डबा उघडला.

पहिला घास तोंडात असताना दर्शिनीचे भट जिना चढून वर आले. हात तसेच पिठाचे. "कधी झालं?" त्यांनी विचारलं आणि ते रडायलाच लागले. मला वाटलं, नटाचे चाहते असतील. मी म्हटलं, "वयच झालं होतं हो, सुटले." भट माझ्याकडे असे पाहायला लागले की मी स्क्रीनकडे पाहिलं.

मी लेख काढून टाकला, पण तोवर अकरा मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं अख्ख्या जगासाठी अण्णांची हत्या झाली होती आणि यजमानांना विचारायचं बाकी होतं. मी अण्णांना फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. ते त्या दिवशी खुर्ची घेऊन बोम्मसंद्राला गेलेले. चार वेळा लावला, उचलेनात. मी शिकलेली बाई, पण त्या चार कॉलांत मला पक्कं वाटायला लागलं की मी चढवलं म्हणून ते खरं झालं. आनेकलच्या त्या वार्ताहराची स्कूटर डोळ्यांपुढून हलेना. मला त्या माणसाबद्दल किती माया होती हे मला तेव्हा कळलं, आणि ते असं कळायला नको होतं.

पाचव्यांदा फोन उचलला. "बोल तंगी. मी गेलो म्हणे?"

"फोन का उचलत नव्हता?" मी ओरडले.

"अगं, इथं एक ड्रायव्हर टँकर उभा करून, मला भूत समजून माझ्या पाया पडायला लागलाय. सोडंना. त्याला समजावत होतो." मग म्हणाले: "फोटो कुठला लावलास?"

ऑटो करून ते निघाले. पण त्यांच्या आधी ऑफिसात पोचले ते यजमान. स्वतः. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, कपाळाला कुंकू, आणि चेहरा असा की घरात काही वाईट घडलंय. मागे दोन माणसं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. वाटेत दिसले असते तर एखाद्या लग्नातले वरबाप वाटले असते. ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि घाम पुसत म्हणाले, "खरं आहे का? कुणी केलं?"

मी सांगितलं की चूक झाली, अण्णा धडधाकट आहेत, वाटेवर आहेत. त्यांचा विश्वास बसेना. आता टीव्हीवाले, पोलीस सगळे आपल्याला फोन करणार म्हणून त्यांनी वकिलालाही बोलावून ठेवलं होतं. तेवढ्यात दारात अण्णा. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात छत्री, काखेत वही.

यजमान ताडकन उठले. भीती ओसरली तसा त्यांना राग आला असावा, कारण ते एकदम म्हणाले, "हे काय चाललंय? मी तर अजून कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं."



अण्णांनी शांतपणे खुर्ची भिंतीला टेकवली. मग सवयीप्रमाणे मान वळवून सगळ्यांना विचारलं, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? 'अजून' म्हणाले." यजमानांच्या मागचा एक माणूस आपल्या चपलांकडे पाहायला लागला. अण्णांनी वर काफी मागवली, सगळ्यांना.

काफी येईपर्यंत यजमान सावरले. त्यांचा आवाज आता गोड झाला होता. "बरं अण्णा, झालं ते झालं. आता एक करा. माझ्या घरातलं तुम्हाला कोण सांगतं, तेवढं नाव द्या. फक्त एक नाव. मग तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. इथं सगळ्यांसमोर शब्द देतो."

आम्ही सगळे अण्णांकडे पाहत होतो. ज्या माणसाने माझ्या नोकरीपासून संपादकांच्या मूळव्याधीपर्यंत सगळं शिवाजीनगरभर केलं, त्याच्यापुढे त्याचा जीव ठेवला होता आणि बदल्यात एक नाव हवं होतं.

"सांगतो की," अण्णा म्हणाले. "मी खुर्चीवर बसतो, मोजतो. तुमचेच ड्रायव्हर साक्षीला हायत."

"मग वही दाखवा."

यजमानांनी हात पुढे केला. अण्णांनी वही छातीशी धरली. "वही पेपरची हाय. पाहिजे तर कोर्टातनं मागवा." त्यांनी हे हसत म्हटलं, पण मी अगदी शेजारी उभी होते, आणि त्यांच्या काखेपाशी शर्ट भिजलेला मला दिसला. यजमानांनी काफी संपवली, पेला स्वतः उचलून टेबलावर नीट ठेवला आणि गेले.

ते गेल्यावर अण्णा खाली बसले. वही टेबलावर राहिली. मी ती उघडली. पहिल्या दोन पानांवर टँकरांचे नंबर होते. पुढची सगळी पानं मिशांनी भरली होती. जाड मिशा, तलवारकट मिशा, झुबकेदार, विरळ, एका बाजूने कमी कापलेल्या. ड्रायव्हरांच्या. चित्रं सुरेख होती.

"अण्णा, तुम्ही काय मोजता तिथं?"

"मिशा."

"मग आकडे कुठून येतात?"

अण्णांनी आधी दाराकडे पाहिलं. मग ते मराठीतच बोलले, आणि मान वळवून कुणाला भाषांतर करून सांगितलं नाही. "माझं कुणी काही केलं तर गावभर कळंल. भट रडत वर येतील. मला आकडे देणाऱ्या माणसाचं काही झालं तर कुणाला कळणार पण न्हाई, तंगी. म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघावं. मी खुर्ची घेऊन बसतो, बोंबलतो, हार घालून फिरतो. बघा की, माझ्याकडं बघा." त्यांनी वही मिटली. "यानं ही उघडली असती तर आज तिकडं कुणाच्या दारात जाऊन उभा राहिला असता, ते मला ठाऊक हाय."

मी तेव्हा त्यांना वेडे समजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी 'अजून' हा शब्द पहिल्या पानावर आला, यजमानांच्या फोटोसह. आता अण्णा केळ्याच्या सालीवरून घसरून पडले असते तरी पोलीस यजमानांच्याच दारात गेले असते, आणि हे यजमानांना चांगलं कळलं. मग सुरू झाली काळजी. अण्णा हेल्मेट घालत नाहीत, त्यांना सांगा, असा निरोप आला. होसूर रोडला ऊन फार असतं, झाडाखाली बसत जा. एकदा अण्णांना ताप आला तर यजमानांचा माणूस दोन वेळा चौकशी करून गेला. "मला एवढं माझ्या बायकोनं जपलं न्हाई," अण्णा म्हणायचे, आणि हे बायकोसमोरही म्हणायचे.

बातम्या मात्र थांबल्या नाहीत. पाइप फुटायच्या, अण्णा आधीच लिहायचे, यजमान जळफळायचे आणि हेल्मेटचा निरोप धाडायचे.

आणि मग अण्णा गेले. कावीळ. तीस वर्षं टोळीवाल्यांच्या वाटेत उभं राहून शेवटी कुणाचंही नाव घेता येणार नाही असं मरण त्यांना आलं. हॉस्पिटलमध्ये मी गेले तेव्हा ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला यजमानांचा सगळा इतिहास सांगत होते, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. अंत्यविधीला यजमान सगळ्यांच्या आधी हजर. मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते कावीळ, कावीळ असं सांगत होते. लेख मीच चढवला. तिसरा परिच्छेद मला काढावा लागला. 'मितभाषी' राहू दिलं. त्या संध्याकाळी मी खूप रडले.

पंधराएक दिवसांनी दुपारी ऑफिसात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, कापडी पिशवी, पायाला धूळ. कन्नडात त्यांनी विचारलं, डेस्कवरची मराठी मुलगी कोण? मी हात वर केला. त्या म्हणाल्या, जरा बाहेर येता का?

जिन्यात आम्ही उभ्या राहिलो. खाली दर्शिनीत कपबशा वाजत होत्या. त्यांनी सांगितलं की त्या आनेकलजवळच्या गावात नीरगंटी आहेत. म्हणजे गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणं-बंद करणं हे काम त्यांच्या घराकडे, सासऱ्यांपासून. "कुणाचा फोन आला की पाणी बंद करायचं, कुठली पाइप आधी सैल करून ठेवायची, हे मलाच सांगतात," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं अण्णांना मी सांगायची. रस्त्यात ते कधी माझ्याशी बोलले नाहीत, नजरसुद्धा दिली नाही. त्यांच्या मातीला पण मला येता आलं नाही. यजमान तिथं होते ना."

मी विचारलं, "माझ्याकडे तुम्हाला कुणी पाठवलं?"

"त्यांनीच. मी नसलो तर त्या मुलीकडं जा म्हणाले. स्वल्प वेंधळी आहे म्हणाले, पण जा." त्यांनी पिशवीचे बंद हातात गुंडाळले. "परवा पुन्हा बंद करायला सांगितलंय. मी आता कुणाला सांगू?"

मला त्या वार्ताहराच्या बायकोची आठवण झाली, जिला काहीच ठाऊक नव्हतं. मला खरं सांगायचं तर नाही म्हणायचं होतं. मग मी म्हटलं, "मला सांगा," आणि त्यांनी सांगितलं, आणि मी काही लिहून घेतलं नाही, सगळं पाठ केलं. त्या बसच्या गर्दीत मिसळताना मी वरून त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आत आले तर शेजारच्या टेबलावरची सहकारी विचारत होती. आमच्या ऑफिसला सगळं कळायची सवय लागलेली.

"कोण गं त्या?"

"मावशी," मी म्हटलं. "गावाकडची."

"मावशी कन्नडात बोलते?"

"इकडंच दिलीय ना तिला."

"इकडं म्हणजे कुठं?"

"म्हैसूरकडं," मी म्हटलं, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.